शिक्षा झालेल्या माजी नेत्याच्या मागे सरकारी बंदूक कशाला?

सदरचा_मध्या
मंगळवार, रात्री १०.४०

मंडळी, आधी वैताग ओकून घेतो, मुद्दा नंतर.

संध्याकाळी आईला गुडघ्याच्या डॉक्टरांकडे धंतोलीत न्यायचं होतं. आपल्या नागपुरात वर्धा रोडवर अजनी चौकाच्या अलीकडे शिट्ट्या वाजल्या आणि सगळं थांबलं. पाच मिनिटं झाली, आठ झाली. मागच्या सीटवर आई पाय लांब करायला जागा शोधतेय, शेजारच्या ऑटोत शाळेची पोट्टी कंटाळून एकमेकांना दप्तरं मारतायत. अकराव्या मिनिटाला पायलट गाडी, मग मोठी पांढरी गाडी, मग एस्कॉर्ट, असं लटांबर सायरन वाजवत विमानतळाकडे निघून गेलं. ऑटोवाला म्हणाला, "लग्नाले आले होते सायेब."

सायेब म्हणजे परराज्यातले एक माजी मंत्री. भ्रष्टाचाराच्या खटल्यात शिक्षा झालेली, अपील पडून आहे, जामिनावर बाहेर. आपल्या भागातले नव्हेत, तेव्हा नावाचे अंदाज बांधत बसू नका, संपादक धागा उडवतील.

माझा प्रश्न एवढाच. न्यायालयाने ज्याला सांगितलं की बाबा रे, तू जनतेचा पैसा खाल्लास, त्याचा जीव सांभाळायला परत जनतेनेच पैसे मोजायचे? शिक्षा सुनावली त्याच दिवशी हे संरक्षण बंद का होत नाही? भीती वाटत असेल तर ठेवा की खासगी माणसं. पैसा तर आहेच, त्यासाठीच तर शिक्षा झाली.

पोलीस संशोधन आणि विकास ब्युरोच्या २०१७ मध्ये आलेल्या आकडेवारीत देशभरातल्या २०,८२८ महनीय व्यक्तींच्या दिमतीला ५६,९४४ पोलीस होते. डोक्यामागे पावणेतीन पोलीस. यात किती 'माजी' आणि किती 'दोषी' ते देवाला माहीत.

बोला.

---

पोट्टा_नंबर_१
मंगळवार, रात्री १०.४८

पयला प्रतिसाद माहा. अकरा मिनिटांत तर्री-पोह्याची प्लेट खाऊन, दुसरी तर्री मागून, वरून चहा पण होते राजेहो.

---

ऑरेंज_बर्फी
मंगळवार, रात्री ११.०५

सहमत. १ मे २०१७ ला गाड्यांवरचा लाल दिवा गेला तेव्हा आपण किती टाळ्या वाजवल्या होत्या. दिवा गेला, सायरन तसाच राहिला. डिसेंबरात अधिवेशन लागलं की सिव्हिल लाइन्समध्ये राहणाऱ्यांना विचारा. रविभवन ते विधानभवन एवढ्याशा अंतरात दोन आठवडे आमचं दूध सुद्धा बॅरिकेड चुकवत येतं.

---

धंतोलीची_वकीलबाई
मंगळवार, रात्री ११.५०

मध्याभाऊ, आईंना बरं वाटो. राग रास्त आहे, पण तुमच्या प्रश्नात दोन वेगळ्या डाळी एका कुकरमध्ये पडल्यात.

पहिली डाळ पदाची. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ८(३) प्रमाणे दोन वर्षं किंवा जास्त शिक्षा झाली की खासदारकी-आमदारकी जाते. आधी अपील केलं की ती टिकायची, पण लिली थॉमस खटल्यात १० जुलै २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने ती पळवाट बंद केली. आपल्या जिल्ह्यातलंच पाहा ना. डिसेंबर २०२३ मध्ये जिल्हा मध्यवर्ती बँकेच्या प्रकरणात सुनील केदारांना पाच वर्षांची शिक्षा झाली आणि काही दिवसांत सावनेरची जागा रिकामी झाल्याची अधिसूचना निघाली. कोणाच्या मर्जीचा प्रश्नच आला नाही. (हे फक्त पद कसं जातं ते सांगायला. सुरक्षेच्या वादाशी त्यांचा संबंध जोडू नये.)

दुसरी डाळ संरक्षणाची. हा मान नव्हे आणि हक्कही नव्हे. कोण्या माजी मंत्र्याला 'माजी मंत्री' म्हणून बंदूकधारी मिळावा असा सर्वसाधारण कायदा नाही. गृह खात्याची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, ज्यांना पिवळं पुस्तक म्हणतात. गुप्तवार्ता विभाग धोक्याचा अंदाज घेतो, समिती बसते आणि एक्स, वाय, झेड, झेड प्लस यातली श्रेणी ठरते. म्हणजे प्रश्न 'हा माणूस कसा आहे' हा नसून 'याला कोणी मारेल का' हा असतो. त्यामुळे शिक्षा झाली म्हणून ते आपोआप जात नाही, आणि निर्दोष सुटला म्हणून मिळतही नाही.

दोन्ही डाळी एकाच माणसात पाहायच्या तर लालूप्रसाद यादव. चारा घोटाळ्यात ३० सप्टेंबर २०१३ ला दोषी ठरले, ऑक्टोबरात लोकसभेची जागा गेली. एनएसजी कमांडोंचं कवच कधी गेलं? नोव्हेंबर २०१७ मध्ये. तेव्हाही झेड प्लसवरून झेडवर आणलं, आणि कारण होतं धोक्याच्या फेरआढाव्याचं.

---

सदरचा_मध्या
बुधवार, सकाळी ७.१५

वकीलबाई, तुम्ही मला खोडायला निघालात आणि माझीच बाजू मजबूत केलीत. खासदारकी महिन्याभरात जाते, कमांडो चार वर्षं राहतात! ही चार वर्षं धोका मोजणारे काय मोजत होते?

---

धंतोलीची_वकीलबाई
बुधवार, सकाळी ८.०२

ते मलाही विचारायचं आहे. पण 'आढावा वेळेवर होत नाही' ही तक्रार वेगळी आणि 'शिक्षा झाली की काढा' हा नियम वेगळा. कोर्टात निघते, नंतर बोलू.

---

हान_नदीकाठी
बुधवार, सकाळी ९.३०

मूळचा प्रतापनगरचा, सध्या नोकरीनिमित्त सोलजवळ सुवोनला. हा धागा वाचून राहवलं नाही, कारण या प्रश्नावर दक्षिण कोरियाएवढा अनुभव जगात कोणाला नसेल. इथे राष्ट्राध्यक्षपद म्हणजे तुरुंगाची वेटिंग लिस्ट, असं माझे कोरियन सहकारीच हसत सांगतात.

त्यांच्याकडे माजी राष्ट्राध्यक्षांच्या सन्मानाचा वेगळा कायदाच आहे. पेन्शन जवळजवळ पगाराएवढं (९५ टक्के), ऑफिस, सचिव, औषधपाणी, सगळं. महाभियोगाने पद गेलं किंवा कैदेची शिक्षा झाली की यातलं सगळं बंद. अपवाद एकच: संरक्षण. ते कायद्यानेच वगळलंय. पेन्शन तोडतात, पहारा तोडत नाहीत.

याचा सगळ्यात टोकाचा नमुना म्हणजे माजी राष्ट्राध्यक्ष चुन दू-ह्वान. १९८० च्या ग्वांगजू हत्याकांडाचा धनी. १९९६ मध्ये आधी फाशी, मग अपिलात जन्मठेप, आणि १९९७ च्या डिसेंबरात माफी. दंड ठोठावला होता २२० अब्ज वॉनच्या वर. हा माणूस २००३ मध्ये कोर्टाला सांगतो की माझ्या खात्यात २ लाख ९१ हजार वॉन आहेत. म्हणजे आपल्याकडे त्या पैशात एक साधा मोबाइल येईल! दंडाचा मोठा हिस्सा मरेपर्यंत थकवला, पण सोलच्या योनही-दोंगमधल्या घराबाहेर पोलीस मात्र २०२१ मध्ये तो मरेपर्यंत उभे. इथल्या लोकांना याची किती चीड आहे ते विचारू नका. पहारा काढा म्हणून विधेयकं येतात, मोर्चे निघतात.

दुसरी बाजू पण सांगतो. पार्क ग्यून-हे बाईंचं राष्ट्राध्यक्षपद २०१७ मध्ये महाभियोगात गेलं, पुढे शिक्षा झाली, डिसेंबर २०२१ मध्ये माफी मिळाली. मार्च २०२२ मध्ये देगूजवळच्या नव्या घरी पोचल्या, लोकांसमोर चार शब्द बोलायला उभ्या राहिल्या आणि गर्दीतून सोजू दारूची बाटली फेकून मारली. क्षणात अंगरक्षकांनी त्यांच्याभोवती कडं केलं. बाटली पुढेच फुटली, बाईंना काही झालं नाही. ते माणसं नसती तर? त्या दिवशी ऑफिसात जे लोक चुनच्या पहाऱ्याला शिव्या घालायचे तेही गप्प होते.

---

पोट्टा_नंबर_१
बुधवार, सकाळी ९.४१

"ते माणसं" वाचलं अन् कळलं, प्रतापनगरचाच हाय. सुवोनले जाऊन पण नाही सुटलं.

---

हान_नदीकाठी
बुधवार, सकाळी ९.४४

नाही सुटत बे.

---

बजाजनगर_१९८५
बुधवार, दुपारी १.२०

मी मध्याच्या बाजूने. कोरियाचं कौतुक राहू द्या. भारतात संरक्षण ही प्रतिष्ठेची वस्तू झाली आहे हे कोणीच बोलत नाहीये. मागे दोन स्टेनगनवाले नसतील तर कार्यकर्ता नमस्कार करत नाही, ठेकेदार फोन उचलत नाही. शिक्षा झालेल्या नेत्याला सगळ्यात जास्त गरज याच गोष्टीची असते. पद गेलं, तिकीट गेलं, उरला काय तर गनमॅन. तो गनमॅन सांगतो की साहेब अजून 'आहेत'. म्हणजे सरकार आपल्या पगारी माणसाकरवी एका दोषी माणसाची जाहिरात करतंय.

आणि पैसे घ्या की! अंबानी कुटुंबाच्या झेड प्लसचा खर्च त्यांनीच करायचा, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२३ मध्ये स्पष्ट केलं. उद्योगपतीला बिल, आणि जनतेचा पैसा खाल्ला म्हणून दोषी ठरलेल्याला फुकट? मुंबई उच्च न्यायालयातही काही वर्षांपूर्वी संरक्षणाच्या बिलांच्या थकबाकीवरून सरकारला बोल लागले होते.

---

जुना_बक्कल
बुधवार, रात्री ९.१०

सगळ्यायले नमस्कार. मी पोलिसातून हवालदार म्हणून रिटायर झालो. लिहायची सवय नाही, नातीनं टाइप करून देऊन राह्यली, चुका तिच्या.

मी तीन नेत्यायकडे अंगरक्षक होतो. त्यातल्या एकाले शिक्षा झाली. नाव, गाव, साल विचारू नका, सांगणार नाही.

तुम्ही लोक म्हणता पोलीस फुकट देतात. आमाले विचारा. ड्युटी बारा तासांची लिहेल असते अन् साहेब झोपेपर्यंत असते. साहेब झोपले की आपण गाडीत. मॅडमची भाजीची पिशवी, नातवाचं दप्तर, लग्नात अहेराचं पाकीट, सगळं याच हातात, अन् याच हातात नऊ एमएमचं पिस्तूल पण पाहिजे. मले एक साहेब म्हणाले होते, "तू जरा पुढं चालत जा, लोकायले दिसला पाहिजे." तवा मले समजलं. ज्याले खरंच भेव असते तो तुमाले आपल्याजवळ उभा करते. ज्याले रुबाब पाहिजे तो तुमाले समोर चालवते. बजाजनगरवाले सायेब बोलले ते खरं हाय.

आता निकालाची गोष्ट. त्या दिवशी मी कोर्टात साहेबांच्या मागच्या बाकाजवळ उभा. जज साहेबांनी शिक्षा वाचली. दुसऱ्या पोलिसायनं साहेबाले धरलं अन् घेऊन गेले. मी तसाच उभा. ज्याले सांभाळाचं त्यालेच पोलीस घेऊन गेले, मग मी कोणाले सांभाळू? फोन लावला, "सर, मी कुठं जाऊ?" उत्तर आलं, आदेश येईपर्यंत पॉइंट सोडू नको. आता पॉइंट म्हणजे बंगला. बंगल्यात कोणी नाही, घरचे लोक गावाले निघून गेलेले. माळी अन् एक कुत्रा. नऊ दिवस मी अन् आणखी एक जण मिळून त्या रिकाम्या बंगल्यावर गार्ड दिला. दहाव्या दिवशी कागद आला.

लोक म्हणतात सरकार दोषी माणसाले संरक्षण देते. मी तं कुत्र्याले दिलं.

---

ऑरेंज_बर्फी
बुधवार, रात्री ९.२५

काका, दंडवत. नातीला पण.

---

खामल्याची_बाई
बुधवार, रात्री १०.००

काकांचं वाचून हसू आलं आणि मग आलं नाही.

मी शाळेत शिकवते, कायद्यातलं फार कळत नाही. पण एक विचारते. ज्या साक्षीदारांच्या बोलण्यावर या मोठ्या माणसांना शिक्षा होते, त्यांना किती दिवस पोलीस मिळतात? सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये साक्षीदार संरक्षण योजना मान्य केली हे पेपरात वाचलं होतं. त्यातही धोक्याचा अहवाल, अर्ज, समिती आहेच. म्हणजे एकाच खटल्यातले दोन जण: एक दोषी नेता, त्याला गनमॅन आधीपासूनच. दुसरा बँकेतला कारकून, ज्याने खरं सांगितलं. त्याने अर्ज करायचा आणि वाट बघायची. मला तर नेत्याचा गनमॅन काढण्यापेक्षा हे जास्त टोचतं.

---

धंतोलीची_वकीलबाई
बुधवार, रात्री ११.३०

ताई, कायद्यातलं तुम्हाला पुरेसं कळतं.

बजाजनगरचा रुबाबाचा मुद्दा आणि काकांचा अनुभव पूर्ण मान्य. तरी 'शिक्षा = संरक्षण बंद' याला माझा विरोध का, ते सांगते. माझ्या पिढीच्या नागपूरच्या वकिलांच्या डोक्यात एक तारीख कोरलेली आहे: १३ ऑगस्ट २००४. मी तेव्हा लॉच्या शेवटच्या वर्षाला होते. अक्कू यादवला जिल्हा न्यायालयात आणलं होतं आणि कस्तुरबा नगरच्या बायकांच्या जमावाने त्याला कोर्टरूममध्येच ठार मारलं. तो नेता नव्हता, गुंड होता. त्याने त्या वस्तीत काय काय केलं होतं ते आठवलं की आजही त्या बायकांना दोष देववत नाही, आणि शेवटी त्या खटल्यात सगळे निर्दोष सुटले. पण आमचे एक जुने सर तेव्हा वर्गात म्हणाले होते की आज मेला तो आरोपी, पण पोलिसांच्या हातातून माणूस हिसकून मारता येतो हे गावाला कळलं. त्या वाक्यावर वर्गात भांडणं झाली होती. मी सरांच्या विरुद्ध बोलले होते. आज बोलणार नाही.

सरकारच्या ताब्यातला माणूस कितीही नकोसा असो, त्याचा जीव ही सरकारची जबाबदारी. तुरुंगाच्या दारात मूलभूत हक्क गळून पडत नाहीत, हे सुनील बत्रा खटल्यात १९७८ मध्येच सांगून झालंय.

आता नेत्याचं उदाहरण. अतीक अहमद, माजी खासदार. २८ मार्च २०२३ ला अपहरणाच्या खटल्यात जन्मठेप झाली. माझ्या जिवाला धोका आहे, संरक्षण द्या, ही त्याची मागणी सर्वोच्च न्यायालयाने त्याच दिवशी ऐकायला नकार दिला, उच्च न्यायालयात जा म्हटलं. १५ एप्रिलला प्रयागराजमध्ये वैद्यकीय तपासणीला नेताना, हातात बेडी, भोवती पोलीस, समोर कॅमेरे, आणि पत्रकार बनून आलेल्यांनी त्याला आणि भावाला गोळ्या घातल्या. अठरा दिवस. अतीकबद्दल मला कणभर सहानुभूती नाही. पण त्याच्यासोबत जी माहिती गेली, कोण्या पुढाऱ्यांशी लागेबांधे होते, पैसा कुठे गेला, ती कोणाकडून काढणार? दोषी नेता जिवंत असणं कधी कधी त्याच्या साथीदारांना सगळ्यात महाग पडतं.

---

बजाजनगर_१९८५
गुरुवार, सकाळी ८.३०

हा शेवटचा मुद्दा मी विचारात घेतला नव्हता. तरी अतीक तुरुंगात होता. तिथे पोलीस द्यायलाच हवेत, तुरुंग म्हणजे सरकारचंच घर. माझा आक्षेप जामिनावर लग्नाला हिंडणाऱ्यांना आहे.

---

हान_नदीकाठी
गुरुवार, सकाळी ९.१५

तुरुंगातलंही सोपं नाही हो. फ्रान्सचे माजी राष्ट्राध्यक्ष सार्कोझी. लिबियाच्या पैशाच्या प्रकरणात सप्टेंबर २०२५ मध्ये पाच वर्षांची शिक्षा झाली, २१ ऑक्टोबरला पॅरिसच्या ला सांते तुरुंगात गेले. तर त्यांच्या शेजारच्या कोठडीत दोन पोलीस अंगरक्षक मुक्कामाला! तुरुंगाच्या कर्मचारी संघटना खवळल्या, की म्हणजे आम्ही कैदी सांभाळायला नालायक? वीस दिवसांनी ते बाहेर आले म्हणून वाद विझला.

अमेरिकेत तर याहून मजा. एप्रिल २०२४ मध्ये बेनी थॉम्पसन नावाच्या खासदाराने विधेयक आणलं की गंभीर गुन्ह्यात शिक्षा झालेल्याचं सीक्रेट सर्व्हिस संरक्षण काढावं. रोख कोणावर ते उघड होतं. ३० मे ला ट्रम्प ३४ आरोपांत दोषी ठरले. आणि १३ जुलैला बटलर गावच्या सभेत गोळी कान चाटून गेली. त्यानंतर त्या विधेयकाचं नाव घ्यायची कोणाची हिंमत?

माजी राष्ट्राध्यक्षांपैकी एकट्या निक्सनने १९८५ मध्ये स्वतःहून सरकारी पहारा सोडला होता, खर्च वाचावा म्हणून. पण त्याला शिक्षा झालीच नव्हती, आधीच माफी मिळाली होती. ज्यांनी सोडावा ते सोडत नाहीत आणि भलताच कोणी सोडतो.

---

ऑरेंज_बर्फी
गुरुवार, सकाळी १०.०५

ट्रम्पचं नाव निघालं, आता धाग्याची शंभरी नक्की.

---

महाल_गांधीगेट
गुरुवार, सकाळी ११.४०

धमकी ही नुसती कागदावर असते असं समजणाऱ्यांसाठी: आम्ही महालात राहतो. १ जून २००६ च्या पहाटे संघ मुख्यालयावर हल्ला करायला आलेले तिघे आमच्या गल्लीपासून हाकेच्या अंतरावर मारले गेले. तोवर आम्हीही गल्लीतल्या बॅरिकेडला शिव्या घालायचो. आता घालतो, पण हळू आवाजात.

दुसरं, पंजाब. मे २०२२ मध्ये सरकारने ४२४ जणांचं संरक्षण कमी केलं आणि नावांची यादी फुटली. लोक खूश. दुसऱ्याच दिवशी, २९ मे ला त्याच यादीतला गायक सिद्धू मूसेवाला मारला गेला. तो दोषी बिषी नव्हता, पण काढायचंच असेल तर टाळ्या घ्यायला यादी वाचून काढू नका, एवढं त्यावरून कळतं.

---

बर्डीचा_राजा
गुरुवार, दुपारी १२.१५

सगळे राजकारणी चोर. सगळ्यांचं काढा. विशेषतः [संपादित]

---

संपादक
गुरुवार, दुपारी १२.३०

वरील प्रतिसादातली नावं काढली आहेत. निकाल लागलेला नसताना कोणाला दोषी म्हणू नये. पुढच्या वेळी प्रतिसाद पूर्ण उडेल. चर्चा छान चालली आहे, चालू द्या.

---

सदरचा_मध्या
गुरुवार, रात्री ९.५०

दोन दिवस वाचतोय. काकांच्या कुत्र्याने माझी झोप उडवली.

थोडं मागे येतो. 'शिक्षा झाली त्या दिवशी काढा' हे मी रागात लिहिलं, अकरा मिनिटांच्या रागात. पण पूर्ण मागे येणार नाही. आता माझं म्हणणं असं: धोका खरा असेल तर साध्या कपड्यातले दोन माणसं द्या, जवळ उभे राहणारे. पायलट नको, सायरन नको, आणि रस्ता थांबवणं तर अजिबात नको. कोणाला मारायला टपलेला माणूस सायरन ऐकून घाबरतो का? उलट त्याला कळतं की साहेब आले. आणि निकालाच्या तारखेला आढावा सक्तीचा. तीन महिन्यांनी परत. आज चार वर्षं कोणी विचारत नाही, हे मात्र मला पटणार नाही.

काका, एक विचारू? ते साहेब जामिनावर सुटले तेव्हा तुम्हीच होतात का सोबत?

---

जुना_बक्कल
गुरुवार, रात्री १०.३०

होतो. साहेब बाहेर आले त्या दिवशी मलेच परत पाठवलं, की तुले सगळं माहीत हाय.

ढोल, गुलाल, दोनएकशे लोक. सगळे हार घेऊन अंगावर येऊन राह्यले. त्यातले अर्धे साहेबाले पण माहीत नव्हते. हाराच्या मागं हात कोणता अन् हातात काय, हे पाहाचं काम माहं. ज्यायचे पैसे बुडाले ते लोक पण त्याच गावचे ना. एक म्हातारा हार न घेता नुसताच येऊन पुढं उभा राह्यला, साहेबाच्या तोंडाकडे पाहत. मी त्याच्या अन् साहेबाच्या मधात गेलो. तो काहीच बोलला नाही, खिशातून पासबुक काढलं, दाखवलं, परत खिशात टाकलं अन् गेला.

अडतीस वर्षांच्या नोकरीत मी त्या एका दिवशी खरा अंगरक्षक होतो. अन् त्या एकाच दिवशी मले वाटलं का आपण भलत्या माणसाच्या मधात उभे हाओत.

---

खामल्याची_बाई
गुरुवार, रात्री १०.४१

🙏

---

धंतोलीची_वकीलबाई
शुक्रवार, सकाळी ७.४५

काकांच्या प्रतिसादानंतर युक्तिवाद करायचं मन नाही, म्हणून कामाचं बोलते.

मध्याभाऊ, तुमचा सक्तीच्या आढाव्याचा मुद्दा चांगला आहे. मध्येच सांगते, माजी पंतप्रधानांचा एसपीजीचा (पंतप्रधानांसाठीचं खास सुरक्षा दल) प्रवास पाहिलात तर यातले दोन्ही टोकं दिसतात. १९८८ च्या कायद्यात माजींची सोयच नव्हती, म्हणून पद गेल्यावर राजीव गांधींचं एसपीजी कवच काढलं. २१ मे १९९१ च्या त्यांच्या हत्येनंतर कायदा बदलून माजी पंतप्रधानांना आणलं, पुढे मुदत बदलत गेली, आणि २०१९ च्या दुरुस्तीने ती पद सोडल्यापासून पाच वर्षांवर आली. म्हणजे मुदत कायद्यात लिहिता येते. बाकीच्यांची का नाही लिहिली, हा प्रश्न विचारण्यासारखा.

तर माहितीचा अधिकार वापरा. 'अमुक नेत्याला किती पोलीस' असं विचाराल तर कलम ८(१)(छ) दाखवून नाकारतील, जिवाला धोका म्हणून, आणि ते चूकही नाही. नाव न घेता विचारा: दोन किंवा जास्त वर्षांची शिक्षा झालेल्या किती माजी लोकप्रतिनिधींना आज राज्य सरकारचं संरक्षण आहे, त्यांच्या शिक्षेनंतर आढावा बैठक किती प्रकरणांत झाली, आणि खर्च वसुलीची आकारणी किती व थकबाकी किती. आकडे मागा, नावं नको. गृह विभागाच्या माहिती अधिकाऱ्याकडे, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. महाराष्ट्राच्या नियमात अर्ज एकाच विषयावर आणि दीडशे शब्दांत हवा, ते सांभाळा.

---

सदरचा_मध्या
शुक्रवार, सकाळी ८.२०

आज शनिवारची कामं उरकून उद्या मसुदा इथेच टाकतो. सगळ्यांनी तपासा.

---

पोट्टा_नंबर_१
शुक्रवार, सकाळी ८.२२

शुक्रवार हाय भाऊ आज. अन् दीडशे शब्दांत? तुमचा तं नुसता वैतागच दीडशेचा होता.

---

जुना_बक्कल
शुक्रवार, सकाळी ९.००

मसुद्यात हे पण टाका, का अंगरक्षकाले आदेश कोण देते अन् किती दिवसांत देते. मी नऊ लिहिले, पण नात म्हणते आजोबा तुम्ही मागं अकरा सांगितले होते. पक्कं आठवत नाही. माळ्याले विचारतो, तो असते अजून मानेवाड्याले.